सहा सेकंदांचं एक टोक

शहरातल्या एकशे चौदा लिफ्ट त्याला नुसत्या आवाजावरून ओळखता येत. डोळे बांधून कुठल्याही इमारतीत नेऊन उभं केलं, तरी दोन मजले चढायच्या आत तो सांगे, ही बँकेची, ही डोळ्यांच्या दवाखान्याची, आणि हिचे ब्रेक पुढच्या महिन्यात बघावे लागतील. एकोणिसाव्या वर्षी तो या कामाला लागला. आता बावन्न. इतकी वर्षं त्याने त्या उभ्या काळ्या बोगद्यांत काढली होती. वर पाहावं तर अंधार, खाली पाहावं तर अंधार, आणि मधे दातांत टॉर्च धरलेला एक माणूस. अशा माणसाने संध्याकाळी दिव्याखाली बसावं, चार लोकांत मिसळावं. हा जेवण झालं की गच्चीवर जाऊन पुन्हा अंधारच बघत बसे.

"दिवसभराचा कमी पडतो का?" बायको विचारायची.

"तो वेगळा, हा वेगळा."

"अंधारात वेगळा काय नि सारखा काय!"

हे वेड त्याला लावलं एका बाईंनी. अकरा वर्षांपूर्वी एका इमारतीत सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली. आत होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांच्या उंचीचं एक पत्र्याचं नळकांडं. त्याने दार उघडून हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "आधी हिला घ्या. मी काय, थांबेन." ती दुर्बीण होती. ती त्याने गच्चीपर्यंत खांद्यावरून नेऊन दिली, आणि मजुरी म्हणून बाईंनी त्याला चंद्र दाखवला. डोंगर, खड्डे, डोंगरांच्या सावल्या. तो पंधरा मिनिटं हलला नाही. मागे बाई थंडीत कुडकुडत उभ्या होत्या, पण त्यांनी त्याला उठ म्हटलं नाही. या एका गोष्टीसाठी तो पुढे त्यांच्यासाठी काहीही करायला तयार असे.

हळूहळू तिघांची टोळी जमली. बाई, हा मेकॅनिक, आणि कोपऱ्यावरचा औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे गोळीवाला म्हणत. गोळीवाला बडबड्या, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न देणारा. मेकॅनिककडे शहरातल्या निम्म्या गच्च्यांच्या किल्ल्या असायच्या, त्यामुळे टोळीला आकाश कधी कमी पडलं नाही.

कमी पडली ती मेकॅनिकची पत. त्याचं असं झालं. कधीकधी एखादा लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक मोठा दगड, आपल्या आणि एखाद्या ताऱ्याच्या बरोबर मधे येतो. काही सेकंद तारा दिसेनासा होतो. जागोजागी हौशी लोक दुर्बिणी लावून बसतात आणि तारा कधी गेला, कधी आला, ते टिपतात. सगळ्यांच्या वेळा जुळवल्या की कुणी कधी न पाहिलेल्या त्या दगडाचा आकार कागदावर उमटतो. सात वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मेकॅनिक ओरडला, "गेला!" आणि अकरा सेकंदांनी, "आला!" दूरच्या शहरातले संयोजक सगळ्यांचे आकडे गोळा करत. त्यांनी त्याचा आकडा धरून चित्र काढलं, तर त्या बिचाऱ्या दगडाला एका बाजूने भलं मोठं टेंगूळ आलं. महिनाभर चर्चा. मग कळलं की ताऱ्यासमोरून गेला तो दगड नव्हता, पातळ ढगाचा एक तुकडा होता. टेंगूळ खोडलं गेलं. त्याच्या नावापुढे संयोजकांनी लिहिलं: निरीक्षण ग्राह्य नाही. आणि गोळीवाल्याने त्याचं नाव ठेवलं ढग.

तो हसला होता. सगळ्यांबरोबर हसला. पण त्यानंतर त्याने जे केलं ते बाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ढग आले की लोक दुर्बिणी गुंडाळून घरी जातात. हा ढग आले की दुर्बीण काढायचा. सात वर्षं, ज्या ज्या रात्री आकाश खराब, त्या त्या रात्री तो ढगाने तारे कसे गिळले जातात ते बघत बसला. ढग तारा एकदम नेत नाही. आधी त्याची धार बोथट करतो, मग शेजारच्याला हात घालतो. दगड मात्र फक्त आपलाच तारा नेतो, तोही झटक्यात, आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नजर ताऱ्यावर ठेवायची आणि लक्ष शेजाऱ्यावर. हे त्याने वहीत लिहून ठेवलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत ते बसलं होतं, जसा कानात लिफ्टचा आवाज बसतो.

त्या संध्याकाळी आठ बावन्नला तसाच योग होता. लघुग्रहाची सावली नेमकी त्यांच्या शहरावरून जाणार होती. तारा जास्तीत जास्त सहा सेकंद लपणार होता. सावलीच्या वाटेवर चौदा ठिकाणी चौदा गट बसले होते, आणि दुपारपासून आकाश कांबळं पांघरल्यासारखं झाकलेलं होतं.

अठरा मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर साडेसातला चौघं उभी होती. चौथी त्याची बायको. बाईंचा उजवा डोळा बारा दिवसांपूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टीखाली होता, वेळेची डबी आणि रेकॉर्डर दोन्ही सांभाळणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून रेकॉर्डर धरायला हिला आणलं होतं. ती दिवसभर दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून लोकांना नंबर देत असे. ती आली, वर बघितलं आणि म्हणाली, "हे बघायला मला अठरा मजले वर आणलंत? हे तर खालूनही दिसत होतं."

"वहिनी, धीर धरा," गोळीवाला म्हणाला. "आज नवऱ्याचा दिवस आहे. जिकडे बघाल तिकडे तोच."

त्याच्या फोनवर इतर गटांचे निरोप येत होते. प्रत्येक निरोपात एकच शब्द: ढग. ढग. पूर्ण ढग. दर निरोपाला गोळीवाला कमरेत वाकून मेकॅनिकला नमस्कार करत होता.

"पुरे," बाई म्हणाल्या. "दुर्बिणीवर कोण बसणार ते ठरवू."

गोळीवाल्याने घसा साफ केला. हौसेने नवा चष्मा करून आला होता तो. इतका अंधूक तारा दिसेल अशी दुर्बीण एकच, म्हणजे डोळाही एकच.

"तुम्ही बसा," बाई मेकॅनिकला म्हणाल्या.

मग गोळीवाला म्हणाला, "बाई, मजा बाजूला ठेवून बोलतो. आजच्या आकाशात? याला?"

"आजच्या आकाशात यालाच."

मेकॅनिकला वाटलं आपल्या छातीत कुणीतरी मोटर चालू केली. त्याला नाही म्हणायचं होतं. आज चुकलो तर पुन्हा कुणी विचारणार नाही, टोळी तोंडावर काही बोलणार नाही, फक्त पुढच्या वेळी किल्ल्या मागवून घेईल. आणि बरोबर ठरलो तर? हा दुसरा विचार त्याला जास्त जड गेला.

सव्वाआठला पश्चिमेला फट पडली. आधी राखाडी चिरेसारखी, मग रुंद, मग तिच्यात एक तारा, दोन, सात! "सरकतेय!" बाई ओरडल्या. "वर सरकतेय! पस्तीस मिनिटांत आपल्या ताऱ्यावर येईल!" पण पश्चिमेला पाण्याची टाकी गच्चीभर आडवी होती. फट जिथे येणार, नेमकी तिथेच टाकीची पाठ.

मेकॅनिकने लिफ्टच्या मशीनच्या खोलीकडे पाहिलं. गच्चीवरचं ते सर्वांत उंच ठिकाण, टाकीच्याही वर डोकं काढणारं. "खोलीच्या छपरावर," तो म्हणाला.

"आणि दुर्बीण काय उडत जाईल?"

"साखळी आहे."

जड भाग उचलायची साखळीची कप्पी खोलीत होतीच. दहा मिनिटांत त्याने ती छपराच्या कड्याला अडकवली. चादरीत गुंडाळलेलं नळकांडं हळूहळू वर जाऊ लागलं, खाली गोळीवाला दोन्ही हात पसरून उभा, जणू ते पडलं असतं तर त्याने झेललंच असतं. बाई एका डोळ्याने शिडी चढल्या. मेकॅनिकची बायको म्हणाली, "या वयात कुणाला सांगू नका हं, मी हे केलं." आणि तीही चढली.

एक गोष्ट उरली. खाली लिफ्ट चालली की मोटरीने छप्पर थरथरे, आणि छप्पर थरथरलं की दुर्बिणीत तारा नाचे. इमारतीच्या सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, मेन स्विच बंद करायचा नाही, चौदाव्या मजल्यावर एक आजारी आहेत, कधीही गरज पडेल. मेकॅनिकला ते पटलं होतं. म्हणून वॉचमनशी बोलणं झालं. आठ एकोणपन्नासला लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडं धरायचं, आजाऱ्यासाठी लागली तरच सोडायची, आणि एरवी आठ त्रेपन्नला सोडून द्यायची. चार मिनिटं. वॉचमन म्हणाला, "चार काय, दहा धरतो." त्याला म्हटलं, दहा नको, बरोबर चार.

आठ पन्नास. तारा आयपीसमध्ये, दुर्बिणीला डोळा लावायच्या काचेत, होता. डावीकडे त्याचा शेजारी, किंचित मंद. दोन्ही स्वच्छ, टोकदार. फटीच्या कडा अजून लांब. बाईंच्या हातातली डबी उपग्रहांकडून वेळ घेऊन दर सेकंदाला टिक करत होती, बायकोच्या हातातला रेकॉर्डर ते टिक आणि निरीक्षकाची हाक एकत्र टिपायला चालू होता, आणि नियम असा की आता निरीक्षकाशिवाय कुणी बोलायचं नाही. तारा दिसल्यापासून तोंडातून शब्द फुटेपर्यंत माणसाचा जो उशीर होतो तोही बाईंनी पूर्वी मोजला होता. बाईंचा सेकंदाचे पन्नास शतांश, गोळीवाल्याचा बेचाळीस, मेकॅनिकचा एकतीस. ब्रेकवर काढलेली वर्षं.

गोळीवाला खाली खोलीच्या दारात, मशीनजवळ उभा होता. फोनवर शेवटचे निरोप आले होते. चौदांपैकी तेरा ठिकाणी ढग.

आठ एकावन्न. सगळ्या वाटेवर आकाश फक्त त्यांच्याकडे होतं. मेकॅनिकला स्वतःचा श्वास दुर्बिणीच्या धातूवर ऐकू येत होता. टिक. टिक. टिक.

आणि मोटर सुरू झाली.

पायाखालचं छप्पर घुमलं. आयपीसमधले दोन्ही तारे फुटले आणि दोन वेड्यावाकड्या रेघा झाल्या.

"अरे!" खालून गोळीवाला. "वर येतेय! याने सोडली कशी? त्रेपन्न कुठे झालेत?"

आठ एकावन्न आणि पस्तीस सेकंद झाले होते. ताऱ्याला अर्धं मिनिट उरलं होतं.

"स्विच इथेच आहे!" गोळीवाला ओरडला. "पाडू? पाडतो!"

"हात लावू नकोस!" मेकॅनिकने डोळा हलवला नाही. "आत माणूस आहे."

"तुला काय माहीत?"

त्याला माहीत होतं. मोटरीच्या स्वरात वजन ऐकू येत होतं. "एक माणूस. आणि हातात जड काहीतरी. मधेच अडकेल तो."

"एक मिनिट अडकेल! एका मिनिटाने काय मरतोय! ढगा, तेरा ठिकाणी ढग आहेत रे, तुझ्या लक्षात येतंय का, फक्त आपण आहोत! पाडतो मी!"

"हात तोडीन!"

आयुष्यात त्याने कुणाला असं म्हटलं नव्हतं. दोन मजल्यांच्या मधे दिवा गेला की माणसाचा चेहरा कसा होतो ते त्याने तेहतीस वर्षं पाहिलं होतं. एका माणसाला तसं करून तो तारा बघणार नव्हता. पण डोळा त्याने काढला नाही. दोन रेघा नाचत होत्या. टिक. टिक. छप्पर गुरगुरत होतं. तो मनात मजले मोजत होता. पाच. सहा. दोन रेघा. सात. दोन. आठ. दोन रेघा, दोन, दोनच ना? एकमेकींत गुंतल्यात का? आणि मग मोटरीचा स्वर उतरला, ब्रेक बसला, नववा मजला, छप्पर गप्प.

रेघ आखडली आणि टोकदार झाली. एकच.

शेजारी होता. तारा नव्हता. शेजारी लख्ख, न हललेला, धार शाबूत, आणि त्याच्या उजवीकडे काळी, स्वच्छ, रिकामी जागा. तिथे, कोट्यवधी किलोमीटरांवर, कुणी न पाहिलेला एक दगड या क्षणी होता. एक टिक. दोन टिक.

"आला!"

इतका मोठ्याने ओरडला की समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली.

"कोण आलं?" बायकोने घाबरून विचारलं, आणि तोंडावर हात ठेवला. तेही रेकॉर्ड झालं.

मग एकदम सगळेच बोलू लागले. गोळीवाला शिडी चढून वर आला, आत्ताच भांडलो हे विसरून त्याने मेकॅनिकला मिठी मारली, बाई डबी हातात धरून तिथेच गोल फिरल्या आणि बायकोने त्यांचा दंड धरला, छपराला कठडा नव्हता. "दिसलं? खरंच दिसलं?" "दिसलं! शेजारी जागच्या जागी, आणि हा नाही! आणि मग, फट्! असा आला!" तो हातांनी दाखवत होता, बोटं झाकून उघडत, पुन्हा पुन्हा.

फटीची कड पोहोचली आणि तारा, शेजारी, सगळं झाकलं गेलं.

"वेळ सांगा," बाई कागद काढून म्हणाल्या. "गेला कधी?"

त्याने बोटं खाली घेतली.

"गेला ते दिसलं नाही."

"म्हणजे?"

"तेव्हा तारे नाचत होते. दोन होते, मग एक होता. मधे कधी, ते नाही सांगता येत."

गोळीवाल्याने कपाळाला हात लावला. "अंदाजे सांग ना! आठव्या मजल्याला? साडेआठव्या? आपल्याकडे रेकॉर्डिंग आहे, मोटरीच्या आवाजावरून बसवू. अरे, एक वेळ असली तर नुसतं टोक, दोन असल्या तर अख्खी रेघ! चौदा गटांत एकच रेघ, आणि ती तुझी. सात वर्षांचं सगळं धुऊन निघेल."

हे खरं होतं. म्हणूनच तो मोह इतका जवळ येऊन उभा राहिला. त्याला आतून वाटतही होतं, आठव्या मजल्याच्या जरा नंतर. अगदी खात्रीने वाटत होतं. सात वर्षांपूर्वी वाटलं होतं तितक्याच खात्रीने.

"नाही," तो म्हणाला. "बाई, लिहा. गेला, दिसलं नाही, कारण कंप. आला, दिसलं. शेजारी स्थिर."

बाईंनी एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.

शिडीवर पावलं वाजली. वॉचमन धापा टाकत वर आला होता, झालं का ते विचारायला. "मी बरोबर त्रेपन्नला सोडली," तो अभिमानाने म्हणाला. "नवव्या मजल्यावरचे रंगाचे डबे घेऊन ताटकळले होते, पण म्हटलं त्रेपन्न म्हणजे त्रेपन्न."

"तुमच्या घड्याळात किती वाजलेत?" बाईंनी सावकाश विचारलं.

त्याचं घड्याळ दीड मिनिट पुढे होतं. मुद्दाम ठेवलेलं. सकाळी पाळी बदलायला येणारा वॉचमन उशीर करतो, म्हणून त्याला दाखवायला. उपग्रहांवरून वेळ घेतली होती, तोंडातून शब्द निघायचा उशीर शतांशापर्यंत मोजला होता, आणि तळमजल्यावरच्या माणसाला किती वाजले हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्यांदा हसली ती बायको. मग बाई. गोळीवाला तर छपरावर बसलाच. वॉचमनला काही कळेना, पण तोही हसू लागला.

संयोजकांना बाईंनी तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तारा आल्याची वेळ, आणि निरीक्षक कोण, ते त्यांनी सांगितलं.

"एकच टोक?" पलीकडून संयोजकांचा आवाज आला. "एका टोकावर मी काय चित्र काढणार?"

"जेवढं दिसलं तेवढं कळवलंय," बाई म्हणाल्या.

"ते ठीक. पण ढग..."

"मला द्या," मेकॅनिक म्हणाला. त्याने फोन घेतला. "शेजारचा तारा पूर्ण वेळ स्वच्छ होता. फटीची कड लांब होती, ती नंतर दीड मिनिटाने आली. तारा नसताना मी दोन टिक मोजले. गेला कधी ते मला माहीत नाही, आणि विचाराल तरी मी सांगणार नाही."

कागद सरकवल्याचा आवाज.

"जाण्याची वेळ तुम्ही भरून पाठवली असती तर मी सगळंच बाजूला ठेवलं असतं," संयोजक म्हणाले. "आज दोन गटांनी, वर ढग असताना, मनानेच पूर्ण रेघ पाठवलीय. तुमची वेळ घेतो. एकतीस शतांश वजा करून. रेकॉर्डिंग पाठवा." मग, "आणि त्यात ते कोण आलं म्हणून विचारतंय, ते काढू नका. असू दे."

फोन ठेवल्यावर बाईंनी आलेखाचा कागद छपरावरच पसरला. बायकोने टॉर्च धरला. सावलीची वाट आधीच आखलेली होती, दोन समांतर रेघा, मधे रिकामं. बाईंनी पट्टी लावली, आकडा पुन्हा तपासला, आणि पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला.

"एवढंच?" बायको वाकून म्हणाली.

"एवढंच," मेकॅनिक म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता, कागदापासून वीतभर अंतरावर. ठिपक्याच्या डावीकडे तो दगड होता आणि उजवीकडे काहीच नव्हतं, आणि मधली कड कुठे आहे ते आज साऱ्या जगात या छपरावरच्या माणसांना तेवढं माहीत होतं. "हे बघ," त्याने तिचा हात धरून तिचं बोट ठिपक्यावर टेकवलं, "इथे तो संपतो."